दांडीच्या ओळीतली जागा

बोईसरच्या मासळी बाजारात शिरलं की उजव्या हाताचे पहिले आठ ओटे दांडी गावच्या बायकांचे. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी त्यावर बसून दाखवावं. त्या आठातला दारातला ओटा विजयाचा. आत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्या तोंडाला सापडायचं, आणि त्या तोंडाला सापडून रिकाम्या पिशवीनं सुटलेलं गिऱ्हाईक अजून तरी कुणाच्या पाहण्यात नव्हतं.

"काय गो ताई, अशी काय बघतेस पापलेटकडं? सोयरीक जमवायचीय काय त्याची? घे पिशवीत, लाजू नको!"

वय साठीच्या पुढं. शाळा चार यत्ता, त्यातली चौथी अर्धी. लुगडं घट्ट खोचलेलं, आणि आवाज असा की पलीकडच्या भाजीबाजारात बसलेल्यांना आज मुशी आलीय की रावस हे बसल्या जागी कळावं. दांडीच्या बाकी सात जणी तिच्या आवाजाच्या सावलीत धंदा करत. विजया बोलली म्हणजे दांडी बोलली.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, गटाराच्या कडेला, तीन ओटे दातिवऱ्याच्या बायकांचे. त्या दोन वर्षांपूर्वी यायला लागल्या. खाली खाडीच्या तोंडाशी त्यांचं गाव. मासळी घेऊन सफाळ्याला गाडी धरायची आणि इथवर यायचं. कुणी गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलं की विजया हाताचा कर्णा करायची.

"तिकडं कुठं चाललीस गो? ते दातिवऱ्याचं हाय! वर आजचं, खाली परवाचं!"

सगळी ओळ खिदळायची. शेजारच्या ओट्यावरची शालू तर डोळ्यांना पदर लावायची. रोज तेच बोलणं आणि रोज तेच हसणं.

आता गंमत अशी, की विजया स्वतः दातिवऱ्याची लेक. सतराव्या वर्षी लग्न होऊन दांडीत आली. पहिलं वर्ष तिला कुणी नावानं हाक मारली नाही; 'दातिवऱ्याची' एवढंच. तिनं पाटी उतरवली की सासूच्या शेजारणी मासा नाकाला लावून बघायच्या. परक्या गावची बाई, काय सांगावं! ती रात्री उशीत रडायची आणि सकाळी पुन्हा पाटी उचलायची.

मग एक दिवस खळ्यावर बोंबील वाळत घालताना तिच्या तोंडून गोष्ट निघून गेली. "माजी आत्या हाय ना दातिवऱ्याला, ती पाटीत वर आजचं ठेवते आणि खाली परवाचं." बायका अशा हसल्या की एक तर वाळूत बसलीच. गोष्ट खरी होती, पण एकदाच घडलेली. आत्याचा नवरा तापानं पडलेला, होडी गेली नव्हती, घरात तांदूळ नव्हता. त्या दिवशी आत्यानं चार शिळे मासे खाली सरकवले होते आणि रडत घरी आली होती. ते रडणं विजयानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बायका म्हणाल्या, "विजया, सांग ना गो ती तुज्या आत्याची गोष्ट." विजया म्हणाल्या, 'दातिवऱ्याची' नाही! मग तिनं सांगितली, वर थोडं मीठ लावून. हळूहळू एक आत्या होती तिच्या चार आत्या झाल्या, चार आत्यांचं अख्खं गाव झालं. चाळीस वर्षांत दांडीतलं शेंबडं पोरही ते म्हणायला लागलं.

भाऊ वारला तेव्हा ती माहेरी गेली. चहा मिळाला, पण तिच्या शेजारी येऊन कुणी बसलं नाही. बोललेलं तिकडं पोचलं होतं. तिनं मनाला लावून घेतलं नाही. आपलं गाव आता दांडी, तिला वाटलं. आपली ओळ आपल्या पाठीशी हाय, आणखी काय पायजे?

ओळीचा एक रिवाज होता. शेजारीण चहाला, दवाखान्यात, बँकेत गेली की तिची पाटी आपण विकायची, आपली समजून. विकायची, पण तिच्या माशाचा कल्ला उचलून बघायचा नाही. कल्ला लाल म्हणजे मासा ताजा, काळा म्हणजे शिळा; ते बघितलं म्हणजे तिच्यावर संशय घेतला. दांडीची बाई दांडीच्या पाटीचा कल्ला उचलत नाही. सून तेजल नवी होती तेव्हा तिनं एकदा शालूच्या हलव्याचा कल्ला उचलला, तर विजयानं सगळ्यांसमोर तिच्या हातावर फटका मारला होता. "दातिवऱ्याची हायस काय गो? आपल्यात असलं नाय चालत."

त्या बुधवारी शालू दात काढायला गेली. जाताना म्हणाली, "विजया, बघ गो माजं."

"जा तू. आणि दात काढताना जीभ राहू दे म्हण डाक्टरला, नायतर धंदा बसेल."

शालूच्या पाटीत बर्फाखाली एक मोठी सुरमई होती. थोड्या वेळानं वैभवी आली. कॉलनीतली, सांगलीकडची, नवरा कारखान्यात. मासा तिला ओळखू येत नाही हे ती स्वतःच सांगायची आणि म्हणून विजयाच्या शब्दावर घ्यायची.

"मावशी, ताजी आहे ना? सासूसासरे आलेत गावाकडून."

"दांडीची हाय. आणखी काय सांगू?"

विजयानं सुरमई बर्फातून काढली. बर्फानं घट्ट, वरून चकचकीत. कल्ल्यावर तिचा अंगठा आला होता. तिनं तो बाजूला घेतला आणि मासा कापणाऱ्याकडं सरकवला.

दुसऱ्या दिवशी वैभवी पिशवी न घेता आली. घरातले तिघं आजारी. सासऱ्यांना तर सलाईन लावायला लागलं. ती ओरडली नाही, हळू आवाजात बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. "मी तुमच्या शब्दावर घेतली होती, मावशी."

विजयाच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं की सुरमई माझी नव्हती. तिनं ते गिळलं. दुसरीची पाटी विकायची ती आपली म्हणून. मासा कुणाचा हे बाहेर सांगायचं नाही. शेजारच्या ओट्यावर शालू सुजलेल्या गालाला फडकं लावून बर्फ फोडत होती. तिनं मान वर केली नाही. दुखत असेल, विजयाला वाटलं.

दुपारपर्यंत कॉलनीतल्या बायकांच्या मोबाइलवर निरोप फिरला होता: बोईसर बाजारात दांडीच्या बायकांकडून मासे घेऊ नका. तेजलनं तो वाचून दाखवला. शुक्रवारी आठ ओट्यांसमोरून गिऱ्हाइकं नाक मुरडून गेली. गटाराच्या कडेला मात्र गर्दी.

त्याच दिवशी संध्याकाळी आठ घरच्या बायका खळ्यावर जमल्या. विजया नेहमीसारखी मध्ये बसली. तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. शालू बोलेल, चूक झाली म्हणेल, दोन दिवस होडी गेली नव्हती म्हणून खालचा मासा काढायचा राहिला म्हणेल. मग आपण तिला चार शिव्या घालायच्या. शिव्याही तिनं निवडून ठेवल्या होत्या, फार लागतील अशा नाही. मग वैभवीच्या घरी एक ताजी सुरमई नेऊन द्यायची, पाया पडायचं, मिटलं. शालूची दोन्ही बाळंतपणं विजयाच्या हातून झालेली. ती बोलेल.

शालू बोलली. फडक्याआडून बोलली.

"मी तर नव्हतेच तिथं."

"मग इकली कोणी?" कुणीतरी विचारलं, जसं काही ठाऊकच नाही.

"विजयानं. पण एक सांगते. दांडीची बाई असलं करणार नाय."

बायकांनी माना हलवल्या. खरंच, दांडीची बाई असलं करणार नाय.

"आणि विजया..." शालूनं फडकं दुसऱ्या गालावर नेलं, तो गाल सुजलेला नव्हता. "विजया काय, शेवटी तिकडची."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वर आजचं..." आणि दुसरीनं पुरं केलं, "खाली परवाचं!" सगळ्या हसल्या. आणि विजयाही हसली. चाळीस वर्षांची सवय. तिला कळायच्या आधी तिचं तोंड हसून मोकळं झालं. मग ते हसू तिच्या चेहऱ्यावरून असं उतरलं की समोरच्या दोघींनी नजर फिरवली.

"शालू," ती म्हणाली. "माज्याकडं बघ. सुरमई कोणाची होती?"

शालू वाळत घातलेल्या बोंबलांकडं बघत राहिली. "ओटा तुजा शेजारचा, तोंड तुजं. मला काय इचारतेस?"

"तुज्या पाटीत हात घालताना मी कल्ला उचलला नाय गो! तुजा म्हणून उचलला नाय!"

"उचलायला पायजे होतास मग," शालू म्हणाली. हे मात्र तिनं फडकं काढून, स्पष्ट म्हटलं.

बायका कुजबुजल्या. त्यांना समजलं नव्हतं असं नाही. सगळ्या जणी बर्फात वाढलेल्या. कुणाची होडी कुठल्या दिवशी गेली नाही हे त्यांना पाठ असतं. त्यांना सुरमई कुणाची ते ठाऊक होतं. पण शालूचं नाव घेतलं तर दांडीचं नाव खराब होत होतं, आणि विजयाचं घेतलं तर होत नव्हतं. इतकं सोपं होतं ते.

"तू मनाला नको लावून घेऊ, विजया," एक जण म्हणाली. "चार दिवस घरी बस. कॉलनीला एवढंच सांगायचं, की ती बाई मूळची आमची नाय. तुला काय फरक पडतो?"

"आठ घरांच्या चुली हायत गो," दुसरीनं जोडलं.

विजया उत्तराला तोंड उघडते तोवर तिला पाठीमागून ओळखीचा आवाज आला. तेजल मोबाइल ओठांशी धरून बोलत होती, शहरातल्यासारखं, गोड.

"वैभवीताई, मी तेजल, दांडीची. तुमचं झालं त्याचं लई वाईट वाटलं हां. पण ती मावशी आमच्यातली नाय. ती मूळची दातिवऱ्याची. तिकडच्या लोकांची पद्धतच तशी. आमच्याकडं असलं नाय चालत, ताई. तुमी उद्या या, मी स्वतः देते."

बोट उचललं. निरोप गेल्याचा टुंग असा आवाज झाला.

घरी आल्यावर विजयानं पाण्याचा तांब्याही घेतला नाही. दारातच सुनेला धरलं.

"मी आमच्यातली नाय? आणि तू कुठली गो? घिवलीची ना तू? तुजी नाळ काय दांडीत पुरलीय?"

तेजल चपला काढत होती. ती भांडायच्या तयारीत नव्हती, दमलेली दिसत होती. तिनं साधंच विचारलं, "घिवलीचं नाव कोणी खराब केलंय काय, आय? दातिवऱ्याचं तुमीच केलंत ना?"

विजयाकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. पोलिसाला, पालिकेच्या माणसाला, नवऱ्याला तर तो जिवंत असेपर्यंत. या वेळी मात्र ती मुलाकडं वळली. प्रदीप जाळं मांडीवर घेऊन बसला होता.

"ऐकतोस काय रे? तुजी आय शिळं इकते?"

"तसं कोण म्हणतंय?" प्रदीप जाळ्यातला तुटका फास शोधत राहिला. "चार दिवस आराम कर की, आय. तेजल बसेल ओट्यावर. तिचं फोनवर गिऱ्हाईक पण चांगलं जमलंय."

म्हणजे हे दोघांत आधीच बोलून झालं होतं. विजयानं लेकाच्या हातांकडं बघितलं. फास भरायला तिनंच त्याला शिकवलं होतं.

सकाळी बायकांचा टेम्पो रोजच्यापेक्षा लवकर निघाला. विजया बंदरावर गेली, लिलावात उभी राहिली, स्वतःच्या हातानं बोंबील आणि थोडी मांदेली घेतली, आणि पाटी घेऊन एस्टीनं बोईसरला आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वास येतो, मागं बसा." ती उठून मागं बसली. कंडक्टरनं दोनदा वळून बघितलं. एरवी विजयानं त्यालाच मागं बसवलं असतं!

दारातल्या ओट्यावर तेजल होती. शेजारी शालू. दोघींच्या मध्ये स्टीलच्या कपात चहा. तेजलनं सासूला बघितलं, थोडी सरकल्यासारखं केलं, पण ओट्यावर पाटी ठेवायला जागा होईल इतकी नाही. शालूनं चहाचा घोट घेतला.

विजया पुढं चालत राहिली. उरलेल्या सातही ओट्यांसमोरून चालली, मान ताठ. पार गटाराच्या कडेपर्यंत. तिथं सपना बसली होती, तिशीची, काळीसावळी, नाकात चमकी. विजयाच्या त्याच आत्याची नात.

"सपना," विजया म्हणाली. "वळखतेस ना?"

"तुमाला कोण नाय वळखत? रोज तर ऐकतो तुमाला."

"मला इथं कोपऱ्यात बसू दे. मी पण दातिवऱ्याचीच. माजं माहेर..."

"माहेर?" सपनानं मांदेलीचा वाटा लावता लावता हात थांबवला. "आज कसं आठवलं?" मग आवाज खाली आणला. "आजी माजी मरताना सुदा तेच बोलत होती. एकदा केलं, एकदाच, आणि विजयानं जगाला सांगितलं. आमी पहिल्या दिवशी इथं पाटी मांडली तेव्हा दारातून तुमचाच आवाज आला."

"माजं चुकलं गो."

"मला काय सांगता? मी तर घरचीच. त्यांना सांगा." तिनं हनुवटीनं बाजार दाखवला. "जेवढ्या मोठ्यानं ते बोललात तेवढ्या मोठ्यानं."

विजयानं पाटी खाली ठेवली. असं कुणी आव्हान दिलं की मागं हटणारी बाई नव्हती ती. बाजाराच्या मधोमध, जिथं माशाचं पाणी वाहतं तिथं जाऊन ती उभी राहिली आणि पोटापासून आवाज काढला.

"ऐका गो सगळ्यांनी! बुधवारची सुरमई दातिवऱ्याची नव्हती! दांडीची होती, शालूच्या पाटीतली! मी इकली, मी कल्ला बघितला नाय! दातिवऱ्याच्या बायकांनी कोणाला शिळं दिलं नाय! मी चाळीस वर्षं खोटं बोलले! ऐकता काय? खोटं!"

शालू ओट्यावरून ताडकन उठली. "थोबाड आवर गो तुजं, म्हातारे! खायची सोय नाय राहिली म्हणून आता आमच्यावर येतेस?" दांडीच्या सगळ्या ओळीनं एकदम तोंड सोडलं. तिकडून दातिवऱ्याच्या दोघींनी सोडलं. पत्र्याच्या छताखाली असा गिल्ला झाला की विजयाचा शब्द विजयालाच ऐकू येईना.

गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली होती, पण ऐकायला नाही. दोघं तिघं हसत होते. एकानं मोबाइल वर धरून व्हिडिओ काढायला सुरुवात केली. एक हिंदी बोलणारा कामगार दुसऱ्याला म्हणाला, "मच्छीवाली लोग का रोज का है, चल."

दारात वैभवी उभी होती. तेजलचा निरोप ऐकून आली असावी. हातात पिशवी होती. विजया पाण्यातून वाट काढत तिच्यापर्यंत पोचली.

"ताई, तू तरी ऐक. ती सुरमई..."

वैभवी अर्धं पाऊल मागं सरली. "मावशी, मला ते दांडी न् दातिवरं काही कळत नाही हो. खरंच नाही कळत. तुम्ही सगळ्या जणी भांडायला लागलात की मला एकसारख्याच दिसता." मग तिनं वळून तेजलला विचारलं, "बांगडे आहेत का गं ताजे?"

"हायत ना ताई. एकदम ताजे. दांडीचे."

विजया पाटी उचलायला परत गेली तेव्हा सपना गिऱ्हाइकात गुंतली होती. विजया बोलली ते सपनानं ऐकलं होतं, एवढं तर नक्की. पण सपनानं वर बघितलं ते गिऱ्हाइकाची पिशवी घ्यायला. "इथं नका बसू, आत्ये," ती म्हणाली, वाटा पिशवीत ओतता ओतता. "भांडण लागलं की आमचं पण गिऱ्हाईक जातं." आत्ये म्हणाली, तेवढं एक दिलं तिनं.

बाहेर स्टेशनच्या रस्त्यावर भाजीवाल्यांच्या ओळीत एक जिवली नावाची डोंगराकडची बाई बसायची. पुढ्यात करांद्याच्या कंदांचा ढीग आणि वालाच्या शेंगा. तिच्या शेजारी पाटीपुरती जागा होती. विजयानं पाटी उतरवली तसं जिवलीनं आपलं पोतं पटकन जवळ ओढलं.

"बसू काय गो?"

जिवलीनं पाटीकडं बघितलं, मग विजयाच्या तोंडाकडं. "बस. पण ओरडायचं नाय. तुमी मासेवाल्या लय ओरडता."

डोंगराकडच्या बायकांबद्दलही विजयाकडं एक गोष्ट होती, चांगली हसवणारी. ती जिभेवर आलीसुद्धा. पण हसायला तिच्या बाजूला कोण होतं? ती खाली बसली, पाटीवरचं ओलं फडकं काढलं.

दुपारपर्यंत कुणी थांबलं तर तिनं बोटांनी भाव दाखवला. बोंबील निम्मे राहिले. उन्हानं ते मऊ पडायला लागले तसं जिवलीनं न विचारता तिच्या पाटीवर पळसाची दोन पानं टाकली.

दोनच्या सुमाराला दांडीच्या बायकांचा टेम्पो बाजारातून निघाला आणि रस्त्याला लागला. रिकाम्या पाट्या एकात एक घातलेल्या. पुढं ड्रायव्हरजवळ, रोज जिथं विजया बसायची तिथं, तेजल होती. मागच्या बाजूला शालू. गर्दीमुळे टेम्पो अगदी समोर येऊन थांबला, इतका जवळ की हात लांबवला असता तर फाळका हाताला लागला असता. विजया अर्धी उठली. पाटी कमरेवर घेतली.

तेजलनं समोर बघत ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. शालूनं पदर डोक्यावरून गालापर्यंत ओढून घेतला. पुढची रिक्षा हलली, आणि टेम्पो निघाला.

विजया पाटी कमरेवर घेऊन उभीच होती.

"तुमची गाडी ना ती?" जिवलीनं विचारलं.

"नाय," विजया म्हणाली.